मालकाने बदललेले वाहन आणि उत्पादकाचे दायित्व : नाशिकच्या जीपच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

नाशिक हे तीर्थक्षेत्र म्हणून देशभर परिचित असले, तरी स्वातंत्र्योत्तर काळात या शहराने एक वेगळी ओळखही संपादन केली. सातपूर आणि अंबड येथील औद्योगिक वसाहती, ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा १९६४ पासूनचा विमान कारखाना, डिझेल इंजिनांचे इंधन-पुरवठ्याचे भाग तयार करणारा मायकोचा कारखाना आणि महिंद्र अँड महिंद्रचा वाहननिर्मिती प्रकल्प यांमुळे नाशिक हे यंत्रनिर्मितीचे केंद्र बनले. २००२ साली बाजारात आलेली स्कॉर्पिओ आणि २०२० साली नव्या रूपात आलेली थार ही वाहने याच शहरात तयार झाली. यांपैकी थार हे वाहन निव्वळ प्रवासाचे साधन म्हणून क्वचितच घेतले जाते. ते हौसेचे वाहन आहे. डोंगरवाटा, नदीपात्रे आणि चिखल यांतून गाडी चालविण्याचा आनंद हा त्याच्या खरेदीमागील मुख्य हेतू असतो. याच जिल्ह्यात इगतपुरी येथे असे वाहन चालविण्याचे प्रशिक्षण देणारे केंद्रही उभे राहिले.

हौसेच्या वाहनाचे एक वैशिष्ट्य असे, की ते कारखान्यातून बाहेर पडते त्या स्थितीत फार काळ राहत नाही. मालक त्याची चाके मोठी करतो, गाडीची उंची वाढवितो, पुढे लोखंडी रक्षक-नळ्या बसवितो, दिवे वाढवितो, छत बदलतो. अशा वाहनाला अपघात होऊन कोणास इजा झाली, तर जबाबदारी कोणाची? वाहन ज्याने निर्माण केले त्याची, ज्याने बदलले त्याची, की ज्या गॅरेजमध्ये ते बदलले गेले त्याची? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा भारतातील कायद्याच्या इतिहासाच्या अंगाने विचार केला आहे. या इतिहासात ‘वाहन बदलले आहे काय?’ हा प्रश्न दीर्घकाळ विचारला गेला. ‘त्या बदलामुळे इजा झाली काय?’ हा प्रश्न मात्र मागे पडला. या दोन प्रश्नांतील अंतर दाखवून देणे हे या लेखाचे उद्दिष्ट आहे.

जीपची परंपरा : मालकाने पूर्ण करावयाचे वाहन

जीप हे मुळात दुसऱ्या महायुद्धाचे अपत्य. युद्ध संपल्यावर भारतात राहिलेली लष्करी वाहने मोठ्या प्रमाणावर विक्रीस निघाली आणि ‘डिस्पोजलची गाडी’ हा शब्दप्रयोग बोलीत रूढ झाला. लिलावात घेतलेली जीप तशीच वापरणारा मालक विरळा. तिच्यावर कोणी पत्र्याची बंदिस्त बॉडी चढविली, कोणी मागे सामानाचा हौदा बांधला, तर कोणी कॅनव्हासचे हूड घातले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत माझगाव येथे विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढील चार दशकांत ही गाडी शेतकरी, बागायतदार, सहकारी संस्था, पोलीस व वनखाते यांच्या सेवेत गेली. यांतील प्रत्येकाच्या गरजा भिन्न असल्याने प्रत्येकाची जीपही भिन्न झाली.

ग्रामीण महाराष्ट्रात या परंपरेला आणखी एक फाटा फुटला. नाशिक जिल्ह्यातील ‘काळी-पिवळी’ आणि दक्षिण महाराष्ट्रातील ‘वडाप’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या प्रवासी जीपगाड्यांत मागच्या भागातील आसनांची रचना प्रवासीसंख्येच्या गरजेनुसार बदलली गेली. येथे बदल हौसेसाठी नव्हता, उदरनिर्वाहासाठी होता. उत्तरेत हरियाणातील सिरसा जिल्ह्यातील मंडी डबवाली हे गाव तर जुन्या जीपगाड्या नव्याने घडविण्याच्या व्यवसायामुळेच प्रसिद्धीस आले.

ही परंपरा केवळ जीपपुरती मर्यादित नव्हती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. भारतात ट्रक व बस यांची विक्री दीर्घकाळ चॅसीच्या, म्हणजे इंजिन व चाकांसह असलेल्या सांगाड्याच्या स्वरूपात होत आली. चॅसी कारखान्यातून यायची आणि बॉडी मालक स्थानिक कारागिराकडून बांधून घ्यायचा. महामार्गांलगतच्या शहरांत बॉडी बांधणाऱ्यांचा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांमधील नमुना २२-अ हा दस्तऐवज या वस्तुस्थितीचा बोलका पुरावा आहे. ज्या वाहनाची बॉडी स्वतंत्रपणे बांधली जाते, त्याच्या रस्त्यावरील योग्यतेचे प्रमाणपत्र या नमुन्यात दोन भागांत दिले जाते. पहिल्या भागावर वाहन-उत्पादकाने स्वाक्षरी करावयाची आणि दुसऱ्या भागावर बॉडी बांधणाऱ्याने. एकाच वाहनाची जबाबदारी दोघांत विभागता येते आणि ती लेखी स्वरूपात विभागता येते, हे तत्त्व भारतीय नियमांनी व्यावसायिक वाहनांच्या बाबतीत मान्य केले होते. हौसेच्या वाहनाच्या वाट्याला मात्र असा दुसरा भाग कधीच आला नाही.

नोंदीची अचूकता : १९३९ चा दृष्टिकोन

मोटार वाहनांविषयी पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ साली झाला. त्यानंतरचा अधिक व्यापक कायदा १९३९ चा होय. त्याच्या कलम ३२ मध्ये वाहनातील बदलांचा विचार आढळतो. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील अचूक राहणार नाही, असा बदल मालकाने नोंदणी अधिकाऱ्यास कळविल्याशिवाय व त्याची संमती घेतल्याशिवाय करू नये, असा या कलमाचा आशय होता. पुढे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ ने हीच दृष्टी कायम ठेवली. सुटे भाग वा उपकरणे जोडल्याने अथवा काढल्याने वाहनाच्या रिकाम्या वजनात दोन टक्क्यांपर्यंत फरक पडत असेल, तर संमतीची गरज नाही, अशी सवलतही त्यात होती.

या तरतुदीचा हेतू समजून घेणे आवश्यक आहे. कायद्याला चिंता होती ती नोंदवहीची. कर-आकारणी, चोरीचा तपास, परवाना व मालकी यांसाठी नोंदवहीतील गाडी आणि रस्त्यावरील गाडी यांत मेळ असावा, एवढीच अपेक्षा होती. गाडीचा रंग, बॉडीचा प्रकार, आसनसंख्या, इंधन यांची नोंद प्रमाणपत्रात होत असे. गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची मात्र कोणत्याही रकान्यात येत नव्हती.

हा फरक वरवर किरकोळ वाटला, तरी सुरक्षिततेच्या दृष्टीने तो मूलगामी आहे. वाहन वळणावर उलटण्याची शक्यता मुख्यतः दोन मापांवर अवलंबून असते : डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर आणि गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची. पहिल्या मापाला दुसऱ्याच्या दुपटीने भागले असता जे गुणोत्तर येते, ते जितके कमी, तितका उलटण्याचा धोका अधिक. उदाहरणादाखल, चाकांमधील अंतर १.५ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ०.७ मीटर मानली, तर गुणोत्तर सुमारे १.०७ येते. मोठी चाके व उंच स्प्रिंगा बसवून ही उंची १० सेंटिमीटरने वाढविली, तर तेच गुणोत्तर सुमारे ०.९४ वर उतरते. या बदलाने गाडीचा स्वभावच पालटतो. नोंदणी प्रमाणपत्रातील एकही अक्षर मात्र बदलत नाही. याउलट पांढऱ्या गाडीला निळा रंग दिल्यास तिच्या स्थैर्यात काडीचाही फरक पडत नाही, परंतु नोंद चुकीची ठरते. १९३९ च्या दृष्टिकोनाची मर्यादा यावरून स्पष्ट होते.

अपघातग्रस्ताचा दावा आणि अनुपस्थित उत्पादक

मग अपघात झाल्यास भरपाई कोणी द्यावयाची? याचे उत्तरही १९३९ च्या कायद्याने दिले. त्यातील सक्तीच्या तिऱ्हाईत विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली, तर १९८२ च्या दुरुस्तीने मृत्यू व कायमचे अपंगत्व या प्रसंगी दोष सिद्ध न करताही काही रक्कम मिळण्याची सोय झाली. या सर्व व्यवस्थेत प्रतिवादी ठरलेले होते : चालक, मालक आणि विमा कंपनी.

विमा कंपनीला कोणत्या कारणांनी जबाबदारी नाकारता येईल, याची यादी कायद्यानेच मर्यादित केली होती. भाड्याने वापर, आयोजित शर्यत वा वेगचाचणी, परवान्याबाहेरचा वापर, अपात्र चालक अशी ही कारणे होत. या यादीत एक कुतूहलजनक कारणही आढळते. मोटारसायकलला साइडकार जोडलेली नसताना ती वापरू नये, अशी अट विमापत्रात घालता येत असे. वाहनाच्या रचनेतील फरकाचा या यादीतील ठळक उल्लेख तो एवढाच. अन्यथा मालकाने वाहनात बदल केला, एवढ्यावरून तिऱ्हाईत अपघातग्रस्ताचा दावा फेटाळता येत नसे. रस्त्याने जाणाऱ्या पादचाऱ्याच्या दृष्टीने ही व्यवस्था न्याय्य व दूरदर्शी होती, असे म्हणावे लागेल.

परंतु तिचा एक परिणाम असा झाला, की वाहन-उत्पादक न्यायालयाच्या दालनात जवळजवळ आलाच नाही. भरपाई विमा कंपनीकडून मिळत असल्याने ब्रेक, सुकाणू वा रचना यांतील दोषाचा शोध घेण्याचे कारण दावेदाराला उरले नाही. परिणामी, उत्पादकाचे दायित्व कोठे सुरू होते आणि मालकाच्या बदलाने ते कोठे संपते, या प्रश्नावर न्यायालयीन विचारांची जी परंपरा घडावयास हवी होती, ती भारतात घडली नाही.

पाश्चात्त्य न्यायविचारातील वाटचाल

ही परंपरा इतरत्र कशी घडली, हे तुलनेसाठी पाहणे उद्बोधक ठरेल. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १९१६ साली मॅकफर्सन विरुद्ध ब्युइक या खटल्यात मोटारीचे लाकडी चाक मोडून झालेल्या इजेबद्दल उत्पादकास जबाबदार धरले. खरेदीदाराचा करार विक्रेत्याशी होता, उत्पादकाशी नव्हता, हा बचाव तेथे टिकला नाही. ब्रिटनमध्ये १९३२ च्या डोनोग्यू विरुद्ध स्टीव्हन्सन या खटल्याने तेच तत्त्व अधिक व्यापक रूपात मांडले. मात्र त्यातही एक गर्भित अट होती : वस्तू ज्या स्वरूपात उत्पादकाच्या हातून निघाली, त्याच स्वरूपात ती ग्राहकापर्यंत पोहोचलेली असावी. अमेरिकेत १९६५ साली विधिज्ञांनी सिद्ध केलेल्या अपकृत्यविषयक संहितेत ही अट उघडपणे आली. वस्तूच्या स्थितीत ‘महत्त्वाचा बदल’ झालेला नसेल, तरच कठोर दायित्व लागू व्हावे, असे तीत म्हटले गेले.

ही अट प्रत्यक्षात कशी लावावी, यावर न्यूयॉर्कमध्ये दोन निर्णय महत्त्वाचे ठरले. १९८० च्या रॉबिन्सन विरुद्ध रीड-प्रेंटिस या खटल्यात मालकाने यंत्राच्या संरक्षक दाराला भोक पाडले होते आणि त्यातून कामगाराच्या हातास इजा झाली. यंत्राच्या सुरक्षिततेत मूलभूत बदल झाला असून तोच इजेचे निकट कारण आहे, म्हणून उत्पादक जबाबदार नाही, असे न्यायालयाने ठरविले. येथे ‘बदल’ आणि ‘निकट कारण’ या दोन्ही गोष्टी एकत्र असणे आवश्यक मानले गेले, हे ध्यानात ठेवले पाहिजे. १९९८ च्या लिरियानो विरुद्ध होबार्ट या खटल्यात मांस दळण्याच्या यंत्राचे संरक्षक झाकण काढलेले होते. रचनेतील दोषाचा दावा बदलामुळे टिकला नाही, तरी असा बदल लोक करतात हे उत्पादकाला ठाऊक असल्यास धोक्याची सूचना देण्याचे त्याचे कर्तव्य शिल्लक राहू शकते, असे न्यायालयाने मान्य केले. तात्पर्य, जो बदल अपेक्षित आहे, त्याविषयी उत्पादकाला पूर्णतः मौन पाळता येत नाही.

मूळ तपशिलाचे प्रामाण्य : २००० ची दुरुस्ती

भारतात याच सुमारास दिशा बदलली. २००० सालच्या दुरुस्तीने कलम ५२ ची शब्दरचना पालटली. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील ‘अचूक न राहणे’ ही जुनी कसोटी जाऊन, ते तपशील उत्पादकाने ‘मुळात विनिर्दिष्ट केलेल्या’ तपशिलांपेक्षा भिन्न होतील असा बदल करू नये, अशी नवी कसोटी आली. नोंदवहीची जागा आता उत्पादकाच्या आराखड्याने घेतली. अनुज्ञेय संचाच्या साहाय्याने वाहन दुसऱ्या इंधनावर चालविण्यासाठी करावयाच्या बदलाला मार्ग ठेवण्यात आला. त्या काळी स्वयंपाकाच्या गॅसच्या टाक्या मोटारींत बसविण्याचे प्रकार सर्रास घडत होते, हे पाहता या दुरुस्तीमागील सुरक्षिततेचा हेतू नाकारता येत नाही.

या कसोटीचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात स्पष्ट केला. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल कोणत्याही वाहनात करता येणार नाही आणि राज्याचे नियम केंद्रीय कायद्याच्या या मर्यादेतच वाचावे लागतील, असा हा निर्णय होता. त्यापूर्वी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने वाहनांपुढील लोखंडी रक्षक-नळ्यांविरुद्ध कलम ५२ खाली कारवाई करण्याची सूचना राज्यांना केली होती. या नळ्या पादचाऱ्यांना घातक ठरतातच. शिवाय धडकेचा आघात वाहनाच्या सांगाड्याकडे वेगळ्या रीतीने पोहोचवून त्या एअरबॅगच्या कार्यातही बाधा आणू शकतात. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने कलम १८२-अ द्वारे अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. त्याच कायद्याने सदोष वाहने परत बोलाविण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आणि अपंग व्यक्तींसाठी वाहनात योग्य फेरफार करण्यास वाट मोकळी केली. म्हणजे बदल हा सर्वस्वी दोष नव्हे, हे कायद्यालाही मान्य आहे.

ग्राहक चळवळ आणि उत्पादन-दायित्वाचा कायदा

उत्पादकाला जाब विचारण्याची दुसरी वाट ग्राहक चळवळीतून निघाली आणि तिचा उगम महाराष्ट्राशी निगडित आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली, तर १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूबद्दल जिल्हा पातळीवर दाद मागण्याची सोय केली. मात्र वस्तूमुळे झालेल्या शारीरिक हानीबद्दल उत्पादकाचे दायित्व स्वतंत्र प्रकरणाद्वारे मांडले गेले, ते २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात. त्यातील कलम ८२ ते ८७ यांचे सहावे प्रकरण २० जुलै २०२० पासून अमलात आले. सदोष निर्मिती, सदोष रचना, निर्मितीच्या तपशिलापासून फारकत, स्पष्ट हमीचा भंग आणि अपुऱ्या सूचना या कारणांनी आता उत्पादक जबाबदार ठरू शकतो.

या नव्या दृष्टीचे दर्शन सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२२ मधील ह्युंदाई मोटर इंडियाविषयीच्या निर्णयात घडते. समोरून धडक बसूनही एअरबॅग उघडली नाही, अशी तक्रार तेथे होती. धडकेच्या जोराचे भौतिकशास्त्रीय गणित ग्राहकाने मांडावे, अशी अपेक्षा करता येणार नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली व कंपनीविरुद्धचा आदेश कायम ठेवला. पुराव्याचा भार सामान्य ग्राहकाला पेलणार नाही, याची ही जाणीव महत्त्वाची आहे.

तथापि, बदललेल्या वाहनाच्या बाबतीत याच कायद्यात एक विसंगती दिसते. कलम ८६ मध्ये, उत्पादक नसलेल्या विक्रेत्याने वस्तूत बदल केला आणि तो बदल हानी घडविण्यास ‘महत्त्वाचे कारण’ ठरला, तर तो विक्रेता जबाबदार धरला जातो. येथे बदल आणि हानी यांतील कार्यकारणभाव सिद्ध व्हावा लागतो. कलम ८७ च्या पहिल्या उपकलमात मात्र, हानीच्या वेळी वस्तूचा गैरवापर झालेला असेल, किंवा तिच्यात फेरफार वा बदल झालेला असेल, तर विक्रेत्याविरुद्ध दायित्वाची कारवाई करता येणार नाही, एवढेच म्हटले आहे. कोणता बदल, कोणी केलेला आणि त्याचा हानीशी संबंध काय, याविषयी हे उपकलम मौन बाळगते. स्वतः विक्री करणारा उत्पादकही विक्रेत्याच्या व्याख्येत समाविष्ट असल्याने या संरक्षणाचा लाभ त्यालाही मागता येईल. विक्रेत्याने बदल केल्यास कार्यकारणभाव तपासावयाचा, परंतु मालकाने बदल केल्यास केवळ बदलाचे अस्तित्व पुरेसे मानावयाचे, हा भेद तर्काला धरून नाही.

चर्चा

या विसंगतीचे व्यावहारिक गांभीर्य एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. नाशिकमधील एका मालकाने आपल्या जीपवर जादा दिवे बसविले आहेत. कसारा घाटात उतारावर ब्रेक निकामी होऊन गाडी कठड्यावर आदळते आणि मालकाने सोबत नेलेला मित्र जायबंदी होतो. ब्रेक निकामी होण्याचे कारण कारखान्यात राहिलेला दोष आहे, असे मानू. कलम ८७ चे शब्द जसेच्या तसे वाचले, तर हानीच्या वेळी वस्तू ‘बदललेली’ होती. दिव्यांचा आणि ब्रेकचा सुतराम संबंध नसताना आणि बदल जायबंदी मित्राने केलेला नसतानाही त्याचा दावा अडू शकतो. हीच जीप दुसऱ्या मालकाने, पहिल्याने केलेले बदल ठाऊक नसताना घेतली असेल, तर त्याची स्थिती याहून अवघड होईल.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गाडीची उंची वाढवून ती वळणावर उलटली, तर उत्पादकास जबाबदार धरणे अन्यायाचे होईल. ज्या स्थैर्याची चाचणी घेऊन गाडी विक्रीस आली, ते स्थैर्य मालकाने स्वतःच्या हौसेने घालविलेले असते. म्हणून मालकाच्या बदलाचा बचाव उत्पादकाला मिळालाच पाहिजे. प्रश्न आहे तो बचावाच्या मोजमापाचा. या दृष्टीने बदलांचे तीन प्रकार करता येतील. ज्यांचा हानीशी संबंध नाही असे बदल, जे हानीचे महत्त्वाचे कारण आहेत असे बदल, आणि दोष व बदल या दोहोंच्या संयोगाने हानी झाली असे बदल. पहिल्यात उत्पादक जबाबदार राहावा, दुसऱ्यात तो मुक्त व्हावा, आणि तिसऱ्यात दायित्वाची विभागणी व्हावी. प्रमाणशीर विभागणी भारतीय न्यायविचाराला परकी नाही. विमापत्रातील अटीचा भंग झालेल्या काही प्रकरणांत दावा पूर्णपणे न फेटाळता ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मान्य केलेली आहे.

हौसेच्या वाहनाच्या बाबतीत चौथा मुद्दाही विचारात घ्यावा लागेल. ज्या वाहनाचे आकर्षणच मुळी ते हवे तसे सजविता येण्यात आहे, त्याच्या मोठ्या चाकांविषयी उत्पादक अनभिज्ञ असल्याचे म्हणू शकत नाही. अशा अपेक्षित बदलांच्या मर्यादा स्पष्ट शब्दांत व ग्राहकाला समजणाऱ्या भाषेत सांगणे, हे त्याचे कर्तव्य मानले पाहिजे. मराठी मालकाला दिलेल्या पुस्तिकेत ही सूचना मराठीतून असणे, हा त्याच कर्तव्याचा भाग होय.

राहता राहिला गॅरेजवाला. वस्तू बसविणारा, दुरुस्त करणारा व तिची देखभाल करणारा व्यावसायिक हादेखील २०१९ च्या कायद्यातील विक्रेत्याच्या व्याख्येत बसतो. म्हणजे उंची वाढविण्याचा संच बसविणारे गॅरेज कलम ८६ खाली जबाबदार ठरू शकते. प्रत्यक्षात मात्र या व्यवहाराचा लेखी पुरावा क्वचितच असतो. पावतीवर ‘काम केले’ एवढाच मोघम उल्लेख असतो, तोही मागितला तर. या संदर्भात नाशिक जिल्ह्यातीलच एक तुलना बोधप्रद आहे. ओझरला विमानाच्या रचनेतील प्रत्येक फेरफार संमतीशिवाय होत नाही आणि तो नोंदल्याशिवाय राहत नाही. तेथून वीसेक किलोमीटरवर, त्याच मुंबई-आग्रा महामार्गालगत, जीपच्या स्प्रिंगा तोंडी व्यवहारावर बदलल्या जातात. जीपला विमानाची शिस्त लावणे व्यवहार्य नाही, हे खरे. परंतु काय बदलले, कोणी बदलले आणि केव्हा बदलले, एवढ्या तीन गोष्टी कागदावर आल्या, तरी अपघातानंतर न्याय करणाऱ्याचे काम पुष्कळ सुकर होईल. बॉडी बांधणाऱ्याची स्वाक्षरी घेणारा नमुना २२-अ यासाठी आदर्श ठरू शकतो.

समारोप

सुमारे आठ दशकांच्या या वाटचालीत भारतीय कायद्याने बदललेल्या वाहनाकडे तीन दृष्टींनी पाहिले. १९३९ च्या कायद्याने विचारले, की नोंदवहीशी मेळ आहे काय? २००० च्या दुरुस्तीने विचारले, की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी मेळ आहे काय? २०१९ च्या ग्राहक कायद्याने उत्पादकाला प्रथमच स्पष्टपणे उत्तरदायी केले, परंतु त्याच्या बचावाचे कलम लिहिताना तो जुन्याच प्रश्नापाशी थांबला. पश्चिमेत उत्पादकाचे दायित्व आधी रुजले आणि बदलाचा बचाव त्यानंतर अनेक खटल्यांतून घासून-पुसून सिद्ध झाला. आपल्याकडे दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात, एकाच दिवशी आल्या. त्यामुळे बचावाला मर्यादा घालण्याचे काम आता ग्राहक आयोगांना व न्यायालयांना करावे लागणार आहे.

कलम ८७ मधील ‘बदल’ हा शब्द कलम ८६ मधील ‘महत्त्वाचे कारण’ या शब्दांच्या प्रकाशात वाचला जावा, असे या विवेचनावरून सुचवावेसे वाटते. नियमभंग करणाऱ्या मालकासाठी मोटार वाहन कायद्यात दंडाची तरतूद आहेच, आणि ती योग्यही आहे. परंतु त्या नियमभंगाचा दंड त्याच्या शेजारी बसलेल्या निरपराध व्यक्तीकडून वसूल होऊ नये. ज्या शहरात जीप तयार होते आणि ज्या शहराच्या गॅरेजांत ती पुन्हा घडविली जाते, त्या नाशिकमधील विधी, अभियांत्रिकी आणि वाणिज्य या विद्याशाखांच्या अध्यापकांनी हा प्रश्न एकत्रितपणे अभ्यासावा. कायद्याचे कलम वाचणारा आणि गुरुत्वमध्याची उंची मोजणारा, अशा दोघांच्याही साहाय्यावाचून त्याचे समाधानकारक उत्तर मिळणे शक्य नाही.